हृदयात न सापडलेला आजार

रात्री-अपरात्री एखादा माणूस घाबराघुबरा होऊन दवाखान्यात येतो. छाती धडधडते आहे, दम लागला आहे, बोटांना मुंग्या येत आहेत आणि आता आपण मरणार असे त्याला खात्रीने वाटते आहे. नाडी खरोखरच जलद असते, अंगाला घाम फुटलेला असतो. हृदयाचा विद्युत् आलेख काढला जातो. तो अगदी नेहमीसारखा निघतो. रक्ताच्या तपासण्यांतही दोष आढळत नाही. मग डॉक्टर सांगतात, "तुम्हाला काही झालेलं नाही." घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्ण घरी जातो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. दुसरा डॉक्टर, दुसरा आलेख, उत्तर मात्र तेच.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. हृदयाला काही झालेले नाही हे बरोबर, पण माणसाला झालेले आहे. त्याला आज चिंताविकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. हे अर्धे उत्तर पूर्ण करायला वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती शिक्षकांना सांगण्याचे कारण असे, की या विकारांपैकी बऱ्याच विकारांची सुरुवात शाळेच्या वयात होते आणि शाळेतही "काही झालेलं नाही" हेच उत्तर सर्वांत जास्त वेळा दिले जाते.

खरे तर भीती शरीरात असते हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने काळजात धस्स होते, छातीत धडकी भरते, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात. यांतील प्रत्येक गोष्ट शब्दशः घडते. ती का घडते हे मात्र फार उशिरा कळले.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्या युद्धातील आजारी आणि जखमी सैनिकांसाठी फिलाडेल्फिया शहरात जी रुग्णालये उभी राहिली, त्यांतील एकात जेकब मेंडीस दा कोस्टा नावाचे डॉक्टर काम करीत होते. त्यांच्याकडे एका विशिष्ट तऱ्हेचे रुग्ण वरचेवर येऊ लागले. तरुण सैनिक, सैन्यात काही महिने काढलेले, मध्यंतरी ताप किंवा हगवणीने आजारी पडून पुन्हा कामावर रुजू झालेले. परतल्यावर त्यांना पहिल्यासारखी कूच करता येईना. पाठीवर ओझे घेऊन चालू लागले की छातीत धडधडे, कळ येई, दम लागे, चक्कर येई. दिसायला धडधाकट, पण सोबत्यांच्या मागे पडत. काहींची धडधड झोपेतही उठे. दा कोस्टांनी अशा तीनशेहून अधिक सैनिकांना तपासले आणि जानेवारी १८७१ मध्ये एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. या आजाराला त्यांनी नाव दिले 'चिडखोर हृदय'.

हा निबंध आजही वाचण्यासारखा आहे, तो त्यातील निरीक्षणांसाठी. रुग्णाच्या छातीला कान लावून ऐकणे, नाडी उभ्याने, बसून आणि निजून मोजणे, तो कोठे लढला, काय आजारले होते याची नोंद ठेवणे, हे सर्व त्यांनी नेटाने केले. हृदयात प्रत्यक्ष बिघाड नाही, बिघाड त्याच्या कार्यात आहे, हेही त्यांनी ओळखले. कारण म्हणून त्यांनी अति श्रम, ताप, हगवण यांकडे बोट दाखवले. विश्रांती दिली, हृदयाची गती कमी करण्यासाठी डिजिटॅलिस हे औषध दिले. त्या सैनिकांनी रणांगणावर काय पाहिले होते, हा प्रश्न मात्र त्यांच्या तक्त्यात नव्हता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रुग्ण बोट छातीवर ठेवतो, तेव्हा डॉक्टर छातीतच पाहणार. शिवाय दा कोस्टांचे सगळेच रुग्ण आजच्या अर्थाने चिंताविकाराचे होते असेही म्हणता येत नाही. तापाने आणि उपासमारीने खरोखरच खंगलेले लोक त्यांत असणारच.

इंग्लंडात याच सुमारास आर्थर मायर्स या लष्करी डॉक्टरांनी दुसरेच कारण शोधले होते. सैनिकाचा घट्ट गणवेश, गळ्याशी आवळलेली कॉलर, छातीवरून जाणारे पट्टे, यांमुळे हृदयावर दाब पडतो असे त्यांनी १८७० मध्ये लिहिले. ही कल्पना हास्यास्पद नव्हती. पट्टे सैल करून पाहता येण्यासारखी होती. पण हा आजार काही पट्ट्यांबरोबर गेला नाही.

योगायोग असा, की ज्या १८७१ साली दा कोस्टांचा निबंध आला, त्याच साली बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल या मनोविकारतज्ज्ञांनी तीन पुरुषांची हकीकत छापली. मोठा चौक किंवा रिकामा रस्ता ओलांडायची वेळ आली की या तिघांना विलक्षण भीती वाटे, आणि कोणी सोबत असेल तर ती कमी होई. वेस्टफाल यांनी या भीतीला नाव दिले. एकीकडे हृदयाचे डॉक्टर धडधड मोजत होते, दुसरीकडे मनाचे डॉक्टर भीतीची वर्णने लिहीत होते, आणि दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत होती. १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी ती थोडी पाडली. धडधड, धाप, घाम, कंप, चक्कर हे सारे चिंतेच्या झटक्याचेच भाग आहेत असे त्यांनी एका निबंधात मांडले आणि या विकाराला इतर 'मज्जादौर्बल्या'पासून वेगळे काढले. वर्णन उत्तम होते. न वापरलेली कामशक्ती चिंतेच्या रूपाने बाहेर पडते, हे त्यांनी दिलेले कारण मात्र टिकले नाही; १९२६ मध्ये त्यांनी स्वतःच ते बदलले.

भिंत खऱ्या अर्थाने पाडण्याचे श्रेय आम्ही एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाला देऊ. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या पोटाची हालचाल पाहिली होती. मांजर चिडले किंवा घाबरले की जठराची हालचाल थांबते, हे त्यांच्या लक्षात आले. का थांबते? १९११ मध्ये त्यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि त्यापूर्वीचे व नंतरचे असे दोन्ही वेळचे रक्त मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींजवळच्या शिरेतून घेतले. आतड्याची एक पट्टी या रक्तात ठेवली. शांत मांजराच्या रक्तात ती आकुंचन-प्रसरण पावत राहिली. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. भीतीमुळे रक्तात काहीतरी मिसळले होते, आणि ते अधिवृक्क ग्रंथीतून येणारे अ‍ॅड्रिनॅलिन होते.

मग माणसांवर प्रयोग झाले, आणि त्यांतील एक परीक्षेचा आहे. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे यकृतातील साखर रक्तात येते. ती फार झाली तर लघवीत उतरते. कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांची लघवी तपासली गेली. एरवी कोणाच्याही लघवीत साखर नसे. अवघड परीक्षेनंतर ती चौघांच्या लघवीत सापडली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. फुटबॉलच्या अटीतटीच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या पंचवीस खेळाडूंना तपासले, तेव्हा बारा जणांत साखर निघाली. त्यांपैकी पाच जण राखीव होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते काठावर बसून होते! श्रम नव्हते, होती ती फक्त उत्कंठा. नऊ आणि पंचवीस हे आकडे लहान आहेत, आज कोणी एवढ्यावर निष्कर्ष काढणार नाही, पण पुढील संशोधनाने त्यांना दुजोराच दिला.

या सगळ्याचा अर्थ कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात उलगडला. संकटात प्राण्यापुढे दोन वाटा असतात : लढणे किंवा पळणे. दोन्हींसाठी स्नायूंना रक्त, साखर आणि प्राणवायू लागतो. म्हणून हृदय वेगाने चालते आणि श्वास वाढतो. पचनाचे काम त्या वेळी बिनमहत्त्वाचे, म्हणून पोट थांबते, लाळ आटते. त्वचेकडील रक्त आत वळते, म्हणून हातपाय गार पडतात. गणिताच्या तासापूर्वी "पोटात दुखतंय" म्हणणारे मूल बहुधा खोटे बोलत नसते. त्याचे पोट खरोखरच कॅनन यांच्या मांजराच्या पोटासारखे वागत असते.

दा कोस्टांच्या सैनिकांकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येणार होते. पण ज्ञान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वेळ लागतो. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सैन्यातून पुन्हा तेच रुग्ण हजारोंच्या संख्येने येऊ लागले. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेड येथे खास हृदयरुग्णालय उघडण्यात आले. तेथील टॉमस लुईस हे हृदयाच्या विद्युत् आलेखाचे अग्रणी अभ्यासक. त्यांनी स्पष्ट सांगितले, की बहुतेकांना हृदयरोग नाही. एवढेच नव्हे, तर त्यांना हृदयरोगी म्हणून अंथरुणावर ठेवणे हानिकारक आहे. लुईस यांनी सैनिकांना पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत करायला लावली आणि त्यांतील बरेच जण कामावर परत गेले. 'श्रमलक्षणसमूह' असे नवे नाव आले. भीती हा शब्द त्या नावातही नव्हता, पण कशाचा जाच होतो त्याच्याकडे हळूहळू जायचे, ही उपचाराची दिशा मात्र सापडली होती. आपल्याला काय सापडले आहे याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात हे काम पॉल वुड या तरुण हृदयतज्ज्ञांकडे आले. १९४१ मध्ये त्यांनी लंडनमध्ये यावर व्याख्याने दिली. वुड यांनी या रुग्णांच्या एकेका लक्षणाची छाननी केली आणि ती लक्षणे श्रमांनी दमलेल्या माणसाची नसून घाबरलेल्या माणसाची आहेत, असे दाखवून दिले. त्यांनी मांडलेले दुष्टचक्र आजही तसेच शिकवता येईल. भीतीने हृदय धडधडते. माणसाला वाटते, हृदय बिघडले. त्यामुळे भीती वाढते, म्हणून धडधड वाढते. आता तो श्रम टाळू लागतो, म्हणून थोड्या श्रमानेही धडधडते. मग डॉक्टर गंभीर चेहरा करून पुन्हापुन्हा छाती तपासतात, विश्रांती घ्यायला सांगतात आणि त्याचा संशय पक्का होतो. डॉक्टरांनाही या चक्राचा एक आरा मानण्याचे धैर्य वुड यांनी दाखवले. ते स्वतः हृदयतज्ज्ञ होते, हे विशेष.

चक्र समजले, ते तोडायचे कसे? याचे उत्तर तोवर कोठेतरी छापून पडलेले होते, आणि तेही शिक्षणविषयक नियतकालिकात. येथे आपल्याला थोडे मागे जाऊन न्यूयॉर्कला यावे लागेल.

१९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी जेमतेम अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली. उंदीर दिसला की पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा, असा तो प्रयोग. भीती शिकता येते हे सिद्ध झाले, पण ती घालवण्यापूर्वीच बाळाला तेथून नेण्यात आले. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने उलटा प्रश्न विचारला : भीती घालवता येते का? तिच्याकडे पीटर नावाचा पावणेतीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला भ्यायचा. लोकर आणि पिसे यांनाही भ्यायचा. पीटरला आवडीचा खाऊ देऊन बसवायचे आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तो खाणे थांबवणार नाही एवढ्या अंतरावर ठेवायचा. पुढच्या वेळी थोडा जवळ. सशाला न भिणारी दुसरी मुलेही कधीकधी सोबत असत. मध्ये पीटर तापाने आजारी पडला, रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि सारे काम पहिल्या पायरीवर आले. जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवात केली. अखेर पीटर सशाला मांडीवर घेऊ लागला.

हा वृत्तांत १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी दुसराही निबंध लिहिला. तो शिक्षकांनी वाचायलाच हवा असा आहे. मुलांची भीती घालवण्यासाठी मोठी माणसे जे काही करतात, ते एकेक करून त्यांनी तपासले होते. भीतीची वस्तू काही आठवडे दूर ठेवली, तर भीती आपोआप विरते का? नाही. समजावून सांगितले तर? सशाच्या गोड गोष्टी आठवडाभर ऐकलेली मुलगी खरा ससा आणल्यावर पूर्वीइतकीच घाबरली. इतर मुलांनी हसणे, चिडवणे? त्याने भीती गेली नाही, उलट कधीकधी ती घट्ट झाली. लक्ष दुसरीकडे वेधल्याने तेवढ्यापुरता फरक पडला. खात्रीने उपयोगी पडल्या त्या दोनच रीती : पीटरसारखे सुखद गोष्टीच्या संगतीत हळूहळू जवळ नेणे आणि न भिणाऱ्या मुलांसोबत राहू देणे. शंभर वर्षे झाली. आपल्या शाळांतून यांपैकी कोणत्या रीती जास्त वापरल्या जातात, ते वाचकांनीच ठरवावे.

जोन्सबाईंचे काम तीसेक वर्षे जवळजवळ विस्मरणात गेले. दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे महायुद्धात लष्करी डॉक्टर होते आणि युद्धाने खचलेल्या सैनिकांवरील तेव्हाच्या उपचारांबद्दल ते असमाधानी होते. त्यांनी मांजरांवर प्रयोग करून हीच पायरीपायरीची रीत नव्याने उभी केली आणि १९५८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनीच मेरी जोन्स यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. वर्तनोपचार म्हणून जी शाखा वाढली तिचे हे मूळ.

औषधांची कथा थोडक्यात सांगू, कारण ती अर्धी यशाची आणि अर्धी सावधगिरीची आहे. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले लिब्रियम १९६० मध्ये आणि व्हॅलियम १९६३ मध्ये बाजारात आले. भीती अर्ध्या तासात ओसरे. जगभर ती अफाट खपली. मेंदूत या औषधांना चिकटण्याच्या खास जागा आहेत, हे १९७७ मध्ये दिसून आले आणि त्यामुळे मेंदूच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली. पण त्यांची सवय लागते आणि दीर्घकाळ घेऊन ती एकदम थांबवली तर धोका असतो, हेही तोवर ध्यानात येत होते.

याच काळात न्यूयॉर्कमधील डोनाल्ड क्लाइन हे एका इस्पितळात इमिप्रमिन या नव्या औषधाचा अभ्यास करीत होते. पुढे ते एका रुग्णाची आठवण सांगत. तीन आठवडे औषध घेऊन रुग्ण म्हणत होता, काही फरक नाही. डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. परिचारिका मात्र म्हणाली, "फरक आहे. हा माणूस दिवसातून तीन-चार वेळा 'मी मरतोय' म्हणत आमच्याकडे धावत यायचा. आता येत नाही." रुग्णाची एरवीची काळजी तशीच होती, पण झटके थांबले होते. म्हणजे अचानक येणारा झटका आणि सततची काळजी या दोन निराळ्या गोष्टी असाव्यात. १९६४ मध्ये क्लाइन यांनी तसे मांडले, आणि १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात भीतीचा झटका हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला. लोकांसमोर बोलण्या-वावरण्याची तीव्र भीतीही त्यात स्वतंत्रपणे आली.

१९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी झटक्याचे जे स्पष्टीकरण दिले ते वाचताना वुड यांची आठवण होते. शरीरातील साध्या बदलाचा अर्थ माणूस 'आता मी मरणार' असा लावतो आणि त्या अर्थानेच झटका पेटतो. घाईघाईने श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे चक्कर आणि मुंग्या येतात, आणि रुग्णाला तो पुरावा वाटतो. म्हणून उपचारात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णाला मुद्दाम जलद श्वास घ्यायला लावतात. तेच सारे होते, आणि तो मरत नाही. दा कोस्टांच्या सैनिकाला जे औषधांनी मिळाले नव्हते, ते येथे एका मिनिटाच्या प्रयोगातून त्याच्या हाती येते.

आता आपल्याकडे पाहू. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता). चिंता आणि नैराश्य यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. पैसा आणि अंतर ही कारणे आहेतच. पण छातीचे दुखणे घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे, हे मुळात सुचतच नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही नावे घेताच जो हशा पिकतो, तोही आड येतो.

परीक्षेची धाकधूक हा विकार नव्हे. ती पेपर हाती आला की उतरते. भीती महिनोन्‌महिने टिकली, प्रसंगाच्या मानाने फार मोठी असली आणि तिच्यापायी मूल शाळा, खेळ, मित्र, बोलणे टाळू लागले, तर ती तपासायला हवी. प्रथम साध्या डॉक्टरांकडून थायरॉइड, रक्तक्षय यांसारखी कारणे पाहून घ्यावीत. ती तपासणी एकदा नीट व्हावी, दहा वेळा नव्हे. मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ही सोय असते. बोधन-वर्तनोपचार साधारणपणे आठवड्यातून एकदा असा तीन-चार महिने चालतो. औषधे द्यावी लागलीच, तर आज मुख्यतः सेरोटोनिनवर काम करणारी देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यात ती सोडू नयेत, आणि केव्हाही विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

शाळेपुरते एक सांगायचे राहिले. पोटात दुखते म्हणून मूल रोज घरी पाठवले जाते, तेव्हा त्याला आराम मिळतो आणि शाळेची भीती एक पायरी वर चढते. त्याला सर्वांसमोर फळ्याशी उभे केले, तरी ती चढतेच. पीटरचा ससा ज्या अंतरावर ठेवला होता, ते अंतर शोधावे लागते : पहिले दोन तासच बसणे, एकाच मित्रासमोर वाचणे, मग चौघांसमोर. घरच्यांना कोठे न्यावे हे ठाऊक नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांना लिहून द्यावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.